बेकरीसमोरचा रस्ता

४ मार्च

दादा,

परवा तू आमच्या गावात येऊन गेलास. मी पाहिलं तुला.

बेकरीसमोर रस्ता मोजणं चाललं होतं. पोरं पट्ट्या धरून इकडून तिकडे पळत होती आणि तू बाबांसारखे हात मागे बांधून उभा होतास. केस बरेच गेले रे तुझे. मी समोरच प्रसूतिगृहाच्या खिडकीत होते. खाली यावं असं वाटलं, पण टेबलावर एक बाई कळा देत होती, आणि कळा काही कुणाचा भाऊ आलाय म्हणून थांबत नाहीत. तिचं बाळ बाहेर येईस्तोवर तुमची गाडी निघून गेली होती.

बेकरीशेजारी एक काकू चाव्या करतात. सगळं गाव त्यांना चावीवाली काकू म्हणतं. त्यांचे कान फार तिखट. संध्याकाळी मला म्हणाल्या, “तो मोठा साहेब विचारत होता, या गावात आहे तरी काय? तर त्याचा मदतनीस म्हणाला, काही नाही सर, लोक इथे फक्त झोपायला येतात. मग दोघंही हसले.”

तू हसलास त्याचं मला काही वाटलं नाही.

वाटलं. पण मी भांडायला लिहीत नाहीये. मी दुसऱ्या भाषेच्या बेकरीवाल्याशी लग्न केलं म्हणून तू ज्या दिवशी सगळ्यांदेखत म्हणालास की आम्हाला बहीण नव्हतीच असं समजू, त्या दिवशी मी भांडले नाही, तर आता काय भांडणार? माझं काम वेगळं आहे. तुमच्या रस्ते विभागाची नोटीस बसथांब्यावर चिकटवली आहे. महानगराकडे जाणारा हा रस्ता रुंद होणार, गाड्या सुसाट जाणार, दोन्ही बाजूंना उंच भिंत होणार आणि बेकरीसमोरून पलीकडे जायची वाट कायमची बंद. तेव्हा मोजायला आलेल्या माणसाने आपण काय मोजतोय एवढं तरी जाणावं, म्हणून लिहिते.

पहिली गोष्ट, इथे मूळचं कुणीच नाही. सगळ्यांत जुनं घर चावीवाल्या काकूंचं. त्यांची आजी वीटभट्टीवर कामाला आली तेव्हा इथे नुसती माती होती. ती खणली, भाजली आणि गाड्या भरभरून तुमच्याकडे पाठवली. तुझ्या ऑफिसची जुनी इमारत लाल विटांची आहे ना? ती आमची जमीन आहे, उभी करून ठेवलेली. खणलेल्या खड्ड्याचं तळं झालं. भट्ट्या गेल्या तशी सूतगिरणी आली, गिरणी बंद पडली तशा शिलाईच्या शेड आल्या, आणि शहरात घरं घेणं लोकांच्या आवाक्याबाहेर गेलं तसे टॉवर उठले. प्रत्येक खेपेला नवी माणसं नवी भाषा घेऊन आली आणि आधीच्यांनी नाकं मुरडली. मग पुढची खेप आली की या नव्यांचीही नाकं मुरडायला लागायची. तेव्हा समजायचं, ही आता इथली झाली.

सकाळी अर्धं गाव बसमध्ये बसून तुमच्याकडे येतं हे खरं. उरलेल्या अर्ध्याकडे कधी बघितलंयस? पश्चिमेच्या शेडमध्ये मशिनी सुरू होतात तेव्हा आमच्या खिडकीची काच थरथरते. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानावर पाच लिपींत पाटी आहे आणि पाचही लिपींत चुका आहेत. शाळेतल्या बाईंना हजेरी घेताना निम्मी नावं उच्चारता येत नाहीत, म्हणून त्यांनी मुलांनाच आपापलं नाव ओरडायला लावलं. त्या वर्गाचा गलका रस्त्यापर्यंत येतो. माझी लेक त्याच वर्गात आहे. तुला भाची आहे, हे तुला ठाऊक असेलच.

आणि मी. माझ्या हातावर जन्मलेल्या पोरांच्या आया किती भाषा बोलतात ते मोजणं मी सोडून दिलंय. मला त्या सगळ्या भाषांत एकच शब्द येतो: जोर लाव. नवरा चिडवतो, “ही बाई बाजारात गेली तरी भाजीवालीला जोर लाव म्हणेल.”

आता भिंतीचं. प्रसूतिगृह, शाळा, बाजार, आमची बेकरी सगळं पूर्वेला. शिलाईच्या बाया, त्यांच्या भाड्याच्या खोल्या आणि टॉवर पश्चिमेला. भिंत झाली की पलीकडच्या बाईने पोटात कळा घेऊन गिरणीच्या पुलावरून वळसा घालून यायचं. तो पूल चढताना धडधाकट माणसाला धाप लागते. आम्हाला बेकरीसमोर रस्त्याखालून एक भुयारी वाट हवी आहे. स्ट्रेचर जाईल एवढी रुंद, आणि पायऱ्या नकोत, उतार हवा. भिंत खुशाल बांधा, पण वाट आधी.

आई कशी आहे?

नको सांगूस. वाटेचं तेवढं बघ.

तुझी बहीण, तू मान अथवा नको मानूस

२३ मार्च

दादा,

तुझं पत्र मिळालं. “महोदया” वाचून मी मागे वळून बघितलं, कोण आलंय म्हणून. आपल्या हरकती जनसुनावणीत मांडाव्यात, पर्यायी मार्ग उपलब्ध आहे, आपला विश्वासू. माझा विश्वासू! कितीतरी वर्षांनी भाऊ भेटला तो असा.

तर तुझ्या पर्यायी मार्गाची गोष्ट ऐक. मंगळवारी तुमच्या माणसांनी चाचणी म्हणून बेकरीसमोर पत्र्याचे अडथळे लावले आणि एक पहारेकरी बसवला. दुपारी शिलाईच्या शेडमध्ये एका पोरीचं पाणी मशिनीवरच गेलं. तिचं पहिलंच बाळंतपण. बरोबर नणंद. दोघी चालत अडथळ्यापाशी आल्या. पहारेकरी म्हणाला, ऑर्डर नाही. नणंद पोटाकडे बोट दाखवत होती आणि तो गिरणीच्या पुलाकडे बोट दाखवत होता. दोघांची बोटं खरी. भाषा कुणालाच कुणाची कळेना.

त्या पुलाकडे निघाल्या. माझा नवरा पलीकडे पाव टाकून रिकामी व्हॅन घेऊन परत येत होता. पुलाच्या चढावर त्याला ती बसलेली दिसली, म्हणजे बसलेली कसली, कठड्याला धरून लोंबत होती. त्याने फोन केला आणि मी हातमोजे खिशात कोंबून रस्त्याने पळत सुटले. या वयात, या अंगाने. लोक म्हणाले, सिस्टरच्या मागे कुत्रं लागलं की काय.

बाळ पावाच्या व्हॅनमध्ये झालं दादा, दोन रिकाम्या ट्रेच्या मधे. नाळेचा वेढा मानेला. निळं पडलेलं, आवाज नाही. मी वेढा सोडवला, तोंड पुसलं, पाठ चोळली, फुंकर घातली. नणंद तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटत होती, मी आपल्या भाषेत शिव्या देत होते. कुणाला ते विचारू नकोस. मग ते रडलं. मुलगी आहे. पण आईचं रक्त थांबेना. आमच्याकडे आणली, तिथून तुमच्या शहराच्या मोठ्या इस्पितळात. तिचा हात माझ्या हातात होता आणि तो गार पडत चालला होता. असा बाळंतिणीचा हात मी आधीही धरलाय, आणि तेव्हा काही उपयोग झाला नव्हता.

या खेपेला झाला. ती वाचली. काल परत आली, भिंतीसारखी पांढरी.

त्या संध्याकाळी माझा नवरा व्हॅन धूत होता आणि धुता धुता रडत होता. मी बघितलंच नाही असं दाखवलं. तो आत आला आणि म्हणाला, “ती रस्ता बंद होता कामा नये.” आपल्या भाषेत त्याच्या लेखी सगळं जग स्त्रीलिंगी आहे. ती रस्ता, ती पाव, ती पाऊस. मी नेहमी हसते. त्या दिवशी हसले नाही.

मागच्या पत्रात मी जरा जपून लिहिलं होतं. म्हटलं, दुखावशील. आता ते संपलं. सुनावणीला मी येणार आहे, आणि एकटी येणार नाही.

बहीण

(महोदया म्हणायचं असेल तर म्हण. मी ओ देणार नाही.)

१२ एप्रिल

दादा,

तुझं उत्तर आलं नाही. अपेक्षाही नव्हती. तरी लिहिते, कारण सुनावणीत आम्ही काय करणार ते तुला आधीच सांगून ठेवायचं आहे. लपून वार करायची आपल्या घराची रीत नाही.

बेकरीत आमच्या बैठका होतात. दुपारची भट्टी उतरली की मैद्याच्या पोत्यांवर सगळे बसतात. पहिल्या बैठकीत नुसता गोंधळ. एक जण बोलणार, दुसरा ते तिसऱ्याला समजावणार, तिसरा चौथ्याला. “भिंत नको” हे वाक्य खोलीच्या टोकाला पोचेस्तोवर “खिडकी नको” झालं होतं आणि मागचा शिंपी उठून विचारत होता, खिडकीने कुणाचं काय घोडं मारलंय? शेडच्या बाया म्हणाल्या, रस्त्यात बसू. जुन्या वस्तीतले म्हणाले, तुम्ही बसा, आमची दुकानं आहेत. आणि टॉवरवाले आलेच नाहीत. त्यांना भिंत हवीच आहे. त्यांनी तुमच्याकडे तसं लिहूनही दिलंय.

मग मी टॉवरमध्ये गेले. त्यांचा अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त बोटीचा कप्तान. धिप्पाड माणूस, पोट पुढे, आवाज त्याच्याही पुढे. मला बसा म्हणाला नाही, पण मी बसले.

“बाई,” तो म्हणाला, “मी उभा जन्म समुद्रावर काढला. आता जमिनीवर आलो तर या ट्रकच्या आवाजात डोळ्याला डोळा लागत नाही. भिंत मला हवी आहे.”

“भिंत घ्या. आम्हाला वाट द्या.”

“वाट आहे की! गिरणीच्या पुलावरून.”

“चालून पाहिलीत?”

“नकाशात पाहिली.”

“नकाशात चढ दिसतो का हो?” मी विचारलं. “उद्या सकाळी खाली या. चपला नको, बूट घाला.”

आला. माणूस शब्दाचा पक्का. मी आमच्या डॉक्टरीणबाईंकडून स्ट्रेचरची ढकलगाडी मागून आणली होती आणि तिच्यावर माझ्या नवऱ्याने मैद्याचं पोतं बांधलं होतं. म्हटलं, कप्तानसाहेब, ही तुमची सून समजा. दिवस भरलेत. चला.

सपाटीवर तो मला मागे टाकून गेला. “यात काय आहे!” म्हणाला. चढ लागला आणि त्याचं बोलणं बंद झालं. चाकं खड्ड्यात अडकत होती, गाडी एका बाजूला ओढत होती, बाजूने ट्रक जाताना अंगावर येत होते. अर्ध्या चढावर त्याचा हात सुटला. गाडी मागे आली, कठड्यावर आपटली, पोतं फुटलं आणि कप्तान डोक्यापासून बुटांपर्यंत पांढरा. चावीवाल्या काकू पदर तोंडात कोंबून हसत होत्या. मीही हसले असते, पण त्याचा चेहरा पाहिला. तो फुटलेल्या पोत्याकडे बघत होता.

तो कठड्यावर टेकला. मग म्हणाला, “सुनावणीत पोतं चालायचं नाही.”

“का?”

“पोतं ओरडत नाही. माणूस पाहिजे.” छातीवरचा मैदा झटकत तो उठला. “मी झोपतो गाडीवर. ढकलू दे तुमच्या त्या साहेबांना.”

“तुम्ही फार जड आहात,” मी म्हटलं.

“म्हणूनच!”

तर हे आहे आमचं शस्त्र. आता तुला ठाऊक आहे. तब्येत बरी नसेल तर दुसऱ्या कुणाला पाठव, मी नावं ठेवणार नाही. पण मला वाटतं तूच यावंस.

आईला माझा नमस्कार सांग. सांगणार नाहीसच, तरी लिहिते.

बहीण

२ मे

दादा,

सुनावणीला तू होतासच. पण व्यासपीठावरून जे दिसलं नाही ते तुला सांगायला हवं.

शाळेच्या सभागृहात सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या आणि मागे लोक खिडक्यांत चढून बसले होते. मी उठले तेव्हा तू मान वर केली नाहीस. म्हणालास, “आपलं नाव सांगा.” मी सांगितलं, नवऱ्याच्या आडनावासकट. तू लिहून घेतलंस. हात थांबला होता रे तुझा, क्षणभरच. ते माझ्याशिवाय कुणाला कळलं नसेल.

तुमचे वरिष्ठ साहेब म्हणाले, पर्यायी मार्ग अगदी जवळ आहे, आणि नियमाप्रमाणे सुनावणीत फक्त सरकारी भाषेत बोलता येईल. तेव्हा पहिल्या रांगेत ती शेडची पोर बसली होती, मांडीवर लेक. तिला सरकारी भाषा येत नाही. आठवडाभर ती तीन वाक्यं घोकत होती. साहेबांचा आवाज ऐकला आणि तिन्ही विसरली. मला म्हणायचं होतं, हिच्या वतीने मी बोलते. पण तोंडातून निघालं ते वेगळंच: “साहेब, आम्हाला बोलायचंच नाहीये. आम्हाला ढकलायचंय. चला.”

मग दारातून ढकलगाडी आली आणि कप्तान सगळ्यांदेखत तिच्यावर आडवा झाला. टोपी पोटावर.

“हा काय तमाशा आहे?” वरिष्ठ साहेब.

“साहेब,” कप्तान झोपल्या झोपल्या म्हणाला, “पेशंट खोळंबलाय.”

सगळं सभागृह हसलं. तू हसला नाहीस. तू उठलास, कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकलास आणि खाली उतरलास. तुला कुणी सांगितलं नव्हतं. मी तर तयारी केली होती की नाही म्हणशील आणि मग मी काय काय बोलेन. ते सगळं तोंडातच राहिलं.

तुझ्या मागे किती माणसं होती तुला कल्पना नाही. शेडच्या बाया मशिनी बंद करून आल्या होत्या. मोबाइलवाल्याने दुकानाला कुलूप लावलं होतं आणि गडबडीत आतल्या गिऱ्हाइकाला तसंच कोंडून आला होता. टॉवरमधले लोक गॅलऱ्यांतून बघत होते, मग एकेक करून खाली आले. पुलाचा चढ लागला आणि तुझा वेग कमी झाला, तेव्हा पहिली हाक त्या पोरीने मारली. तिच्या भाषेत. जोर लाव! मग तिच्या नणंदेने. मग मागून दुसऱ्या भाषेत, तिसऱ्या भाषेत. ज्या ज्या बाईच्या उशाशी उभी राहून मी कधी ओरडले होते, ती ती बाई तुझ्यावर ओरडत होती. मला हसू येत होतं आणि रडूही. तू खाली मान घालून ढकलत होतास. गाडी मागे सरली आणि तू म्हणालास, “चिमे, मागून धर!”

मी धरली.

मग आपण दोघंच होतो, शेजारी शेजारी. धापा टाकत तू अगदी हळू म्हणालास, “आई तुझं नाव काढते.” मी विचारलं, “मग तू काय करतोस?” तू म्हणालास, “मी खोलीतून उठून जातो.”

तुला वाटलं असेल कप्तानाने ऐकलं नाही. त्याने डोळे मिटून घेतले होते. नंतर मला म्हणाला, “तुमचा भाऊ माणूस म्हणून वाईट नाही, ओझं चुकीचं उचललंय त्याने.”

पुलावर वरिष्ठ साहेब गाडीने येऊन थांबले होते. तू घाम पुसलास आणि सगळ्यांसमोर म्हणालास, “सर, हा पर्यायी मार्ग नाही.” एवढंच. आणि चालत निघून गेलास. कोटही विसरलास. तो मी धुऊन, इस्त्री करून ठेवलाय.

आणखी एक तुला दिसलं नाही. माझा नवरा अख्खी वाट तुझ्या मागून पाण्याची बाटली घेऊन चालत होता. पुढे येऊन द्यायची हिंमत झाली नाही त्याची. बाटली तशीच परत आणली. मी म्हटलं, अरे द्यायची होतीस. तर म्हणाला, “तुझी दादा दमली होती. पण माझ्या हातची घेतली नसती तर?”

या रविवारी मी आईला भेटायला तुझ्याकडे येणार आहे. परवानगी मागत नाही, कळवते आहे. बेल वाजवीन. दार उघडलं नाही तर जिन्यात बसेन. बाळंतपणं करणाऱ्या बाईला वाट बघता येते.

चिमी

१४ जून

दादा,

महिना उलटला. तुझा फोन येतो, आई “बरी आहे, बरी आहे” म्हणते आणि ठेवून देते. मला तू काही विचारत नाहीस. त्या रविवारी काय झालं ते वहिनीने निम्मंच सांगितलं असणार, म्हणून सगळं लिहिते.

तू मुद्दाम बाहेर गेलास हे वहिनीने न विचारता सांगितलं. दार तिने उघडलं. आधी माझ्याकडे बघितलं, मग मागे जिन्याकडे बघितलं, आणि बाजूला झाली. आई पलंगावर बसून उशीचे अभ्रे घालत होती. मी इतकी वर्षं ठरवून ठेवलं होतं की अमुक बोलेन, तमुक बोलेन. तिने चष्मा वर केला आणि म्हणाली, “इतका उशीर? बस मिळाली नाही का?”

दादा, मी दारातच खाली बसले.

तिने मला रडू दिलं. गप्प कर म्हणाली नाही की जवळही घेतलं नाही. उरलेला अभ्रा घालून झाला, मग म्हणाली, “झालं? आता माझ्या चपला काढ.”

“कुठे जायचंय आई?”

“तुझ्याकडे. तो म्हणतो त्या गावात काही नाही. मला बघायचंय, काही नसलेलं गाव कसं असतं ते.”

वहिनी घाबरली. “आई, अहो, ह्यांना विचारायला हवं ना...”

“त्याला मी जन्म दिलाय,” आई म्हणाली, “त्याने मला नाही दिलेला.”

वहिनी आत गेली. मला वाटलं तुला फोन लावतेय. ती आईची औषधं, चार पातळं आणि स्वतःची नवी शाल पिशवीत भरून घेऊन आली. कुठलं औषध केव्हा, ते तिने मला दोनदा समजावलं. लिफ्टपाशी म्हणाली, “वन्सं, ह्यांना काय सांगू?” मी म्हटलं, मी लिहीन. ते आज लिहिते आहे. तिच्यावर रागावू नकोस. बाईने तुझ्या घरात राहून एवढं केलं, म्हणजे ती माझ्यापेक्षा धीराची.

आता इथली हकीकत. माझ्या नवऱ्याने आईला पाहिलं आणि घाबरून त्याची सगळी भाषा पुल्लिंगी झाली. “आई, तू आला? तू बसला?” आई म्हणाली, “बसलात का, म्हणावं.” तेव्हापासून दुपारची भट्टी उतरली की ती त्याला व्याकरण शिकवते. प्रगती शून्य. पण तो रोज तिच्यासाठी मऊ पाव वेगळा काढून ठेवतो आणि ती रोज “करपलाय” म्हणून सगळा खाते. लेक तिच्याजवळच झोपते, मला विचारतसुद्धा नाही.

सकाळी आई माझ्याबरोबर प्रसूतिगृहात येते. तिला म्हटलं, घरी बस, दमशील. ऐकते थोडीच. बाहेरच्या बाकावर बसते. बाया तपासणीला आत जाताना कडेवरचं पोर ठेवायला जागा शोधतात, तर समोर ही मांडी घालून बसलेली. कुणी काही न बोलता पोर हिच्या मांडीत टाकतं आणि आत जातं. ती शेडची पोर लेकीला टोचायला घेऊन आली होती. दोघी तासभर बोलत होत्या. ती तिच्या भाषेत, आई आपल्या. मी विचारलं, काय म्हणत होती? आई म्हणाली, “सासू बरी आहे, नवरा आळशी आहे आणि पोरीला रात्री पोटदुखी होते.” मी नणंदेकडून खात्री करून घेतली. तिन्ही खरं निघालं.

वाटेचा मंजुरीचा कागद बसथांब्यावर लागला. कप्तानाने बेकरीसमोर उभं राहून तो खड्या आवाजात वाचला. भुयारी वाट बेकरीसमोरच, उताराची, स्ट्रेचर जाईल एवढी रुंद, आणि ती पुरी झाल्याशिवाय भिंतीचं काम सुरू करायचं नाही. वाचून झाल्यावर तो म्हणाला, “आणि मग मी झोपणार!” खोदकाम सुरू झालंय. धूळ इतकी की पावांवर फडकं घालावं लागतं. कुणी तक्रार करत नाही.

कामावर तुझा तो हसरा मदतनीस असतो. आता रोज बेकरीत चहा पितो. त्याच्याकडून कळलं की तू अहवालात जे लिहिलंस ते वरिष्ठांनी बदलायला सांगितलं होतं आणि तू बदललं नाहीस. म्हणून हे काम तुझ्याकडून काढून घेतलं, तुला कुठल्या तरी कोपऱ्यातल्या टेबलावर बसवलंय. तू घरी सांगितलं नसशील. मी आईला सांगितलं. ती म्हणाली, “त्याच्या बापाला आवडलं असतं.” मी तुझे आभार मानणार नाही. आभार परक्यांचे मानतात.

“आईला परत कधी पाठवतेस?” असं तू मला वहिनीकडून विचारून घेतलंस. उत्तर आईचंच लिहिते, जसंच्या तसं: “मी काय पार्सल आहे?”

तेव्हा तिला न्यायला येऊ नकोस. भेटायला ये. वहिनीला घेऊन ये. आला नाहीस तर मी दर महिन्याला लिहीत राहीन, आणि माझी पत्रं किती लांब असतात ते तुला आता ठाऊक आहे. दुपारी आलास तर बरं. समोरून खोदलंय, तेव्हा मागच्या गल्लीने ये. आमच्या दाराला बेल नाही, खालून हाक मारायची. आईला मारलीस तर तिला ऐकू यायला वेळ लागेल. माझ्या नावाने मार.

चिमी